बाई प्रार्थना करू लागली: यवतमाळहून झरीकडे

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे रूथबाईच्या नवऱ्याला लकवा मारल्याचा निरोप आला आणि मी शाळेतून रजा काढून निघाले. भाऊजी झरीकडच्या एका खेड्यात सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. आजारी माणसापाशी चार दिवस बसावं, बहिणीला हात द्यावा, एवढाच माझा बेत होता.

यवतमाळहून सकाळच्या एसटीनं पांढरकवडा गाठलं. थंडीचे दिवस, दोन्हीकडे कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बाया बस दिसली की कमरेवर हात ठेवून पाहत राहायच्या. स्टँडवर चहा आणि गरम भजी मिळाली. तिथून पुढे बैलगाडी. आता त्या बाजूला डांबरी रस्ता आहे, पण थंडीत जाणार असाल तर घोंगडी जवळ ठेवा. सागाच्या जंगलात ऊन उतरलं की हवा एकदम बदलते.

बाईच्या, म्हणजे बहिणीच्या, अंगणात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. भाऊजी बाजेवर पडून होते. उजवा हात निर्जीव, तोंडातून नुसता आवाज निघायचा, शब्द नाही. मला पाहून त्यांचे डोळे भरले. ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण खाऊन आम्ही आडवे झालो. त्या घरात संध्याकाळची उपासना, गाणं आणि प्रार्थना, कधी चुकलेली मी पाहिली नव्हती. पण त्या दिवशी कुणी तिचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तांड्यावरची सोनाबाई दूध घेऊन आली. भाऊजींची चौकशी करून झाली, तरी ती दारातच थांबली. मग म्हणाली, "तुमचं गाणं काहून बंद झालं, बाई? मी रोज आयकत होती. ते झालं का मी भाकरी टाकाले बसो."

बाईनं दूध ओतून घेतलं. सोनाबाई गेल्यावर ती चुलीपुढे बसून हळू आवाजात बोलली, "मले प्रार्थना येत नाही. आजवर यायनंच केली. मी फकत आमेन म्हणत आली."

मी तरी काय सांगणार? मी स्वतः रविवारी देवळात डोळे मिटणारी. मी तिला एवढंच म्हटलं, की आज जे झालं तेच सांग.

संध्याकाळी तिनं कंदील लावला, भाऊजींना टेकून बसवलं आणि पदर डोक्यावर घेतला. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मग ती म्हणाली, "प्रभू, आज यायनं अर्धी भाकर खाल्ली. आमेन."

भाऊजींनी डावा हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला. दोघं तशीच बसून राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी तिच्या प्रार्थनेत सोनाबाईची आजारी म्हैस आली. त्यानंतर विहीर आली, मी आले. निघायच्या आदल्या दिवशी ती दळण घेऊन उशिरा परतली, दमली होती. आज राहू दे, असं मी सुचवलं. पण तिनं हातपाय धुतले आणि येऊन बसली. भाऊजी तिची वाट पाहत होते, हे तिला माहीत होतं.

भाऊजी पुढे काही वर्षं जगले. त्यांचं बोलणं परत आलं नाही. घरातली प्रार्थना शेवटपर्यंत बाईनंच केली.

परतीच्या प्रवासात धूळ फार खाल्ली, अंग आंबलं. घरी आले, अंघोळ केली, स्वयंपाक झाला. जेवणं आटोपल्यावर मी माझ्या नवऱ्याला, योहानला, थोडं बसायला सांगितलं. त्याला नवल वाटलं, पण बसला. मी डोळे मिटले. भाऊजींचं नाव घेतलं, बाईचं घेतलं, गाडीवानाचे आभार मानले. पुढे काही सुचेना.

योहाननं डोळे उघडून विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "आजच्यापुरतं झालं. उद्या परत बसू."