ठोसे मारून केलेली भाषांतरं

बंगाली कवी अनिमेषदांवर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो. मी कवी नाही, बंगाली मला येत नाही, आणि आमच्या घरात कॉलेजचं नाव काढणारा मीच पहिला. कोलकात्यातल्या नाहीतर अमेरिकेतल्या कुणीतरी लिहायला हवं होतं. ते लिहितील असं वाटत नाही... म्हणून चुकतमाकत मी लिहितोय. सांभाळून घ्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मस्कतला, वादी कबीरमधल्या एका गॅरेजात माझे अब्बा डेंटर होते, गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे. मी तिथेच बिलं टाइप करायचो आणि बाहेरून बी.ए. करत होतो. अनिमेषदा अपघातातल्या गाड्यांचं एस्टिमेट काढायचे. सलालाच्या रस्त्यावर उंटाला धडकलेल्या गाड्या यायच्या, टप आत बसलेला, सीटवर रक्त वाळलेलं. दादा आत डोकं घालून बघायचे आणि बाहेर येऊन, हातोड्यांच्या वर आवाज चढवून बंगाली कविता म्हणायचे. एका दमात एक ओळ, मानेच्या शिरा फुगलेल्या.

माझ्या हातात इंग्रजी कवितांचं पाठ्यपुस्तक दिसलं, तेव्हा ते बोलायला लागले. तरुणपणी कोलकात्यात त्यांची चार-पाच कवींची टोळी होती, सभ्य कवितेचा गळा आवळायला निघालेली. जिम नावाचा एक अमेरिकन कवी तिथे येऊन राहिला. टोळीतलाच एक, दादांचा जिवलग दोस्त शिबू, त्याच्या खोलीत जिम जमिनीवर झोपायचा. जिमला बंगाली येत नव्हती, म्हणून शिबूची ओळ दादा इंग्रजीत सांगत. ती गुळगुळीत वाटली की जिम त्यांच्या दंडावर ठोसा मारी. जिमची ओळ बंगालीत आणताना दादा त्याला मारत. एकदा एका शब्दावरून जिमचं नाक फुटलं. त्या कविता पुढे अमेरिकेतल्या छोट्या मासिकांत छापून आल्या, आणि तिकडच्या कवींनी त्यांना कवितांनीच उत्तरं दिली.

तीच पद्धत त्यांनी माझ्यावर चालवली. ते ओळ हिंदीत सांगत, मी मराठीत म्हणून दाखवायची. ओळ फार सभ्य वाटली, की "बहुत भद्र है रे तुम! फिर बोलो!" आणि ठोसा. माझा दंड काळानिळा झालेला बघून अब्बा भडकले, "ह्यो बंगाली कविता शिकवतो का मुडदा पाडतो?" मी मात्र जात राहिलो. माझ्या शब्दावर इतकं चिडणारं माणूस मला त्याआधी भेटलंच नव्हतं.

एका शुक्रवारी त्यांच्या खोलीवर मी विचारलं, शिबूदांचं पुढे काय झालं? त्यांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटं वाकडी होती. कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा पोलिसांनी दाराच्या फटीत त्यांची बोटं घालून दार आपटलं होतं. एका बोटापर्यंत ते टिकले. दुसरं मोडल्यावर त्यांनी सही केली, की शिबूच्या कविता घाणेरड्या आहेत, माझा त्यांच्याशी संबंध नाही. शिबू तुरुंगात गेला. जिमने अमेरिकेतल्या कवींना हलवलं, त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे तो सुटला. दादांनी त्याआधीच कोलकाता सोडलं होतं.

"मरने से पहले एक बार उसके सामने जाना है," ते म्हणाले.

"तो जाइए ना, दादा."

"जान से मारेगा."

मी भीत भीत म्हटलं, "आपने तो उसे मारने का मौका भी नहीं दिया..."

त्यांची मूठ वर आली. मी डोळे मिटले. ठोसा बसला नाही. "खलास," ते हळूच म्हणाले. "आज भद्र नहीं बोला तुम."

तरी जायला त्यांना काही वर्षं लागली. यकृताचं दुखणं वाढलं, नोकरी सुटली, तेव्हा कोलकात्याला निघाले. मग काहीच कळलं नाही. काही आठवड्यांपूर्वी गॅरेजात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. त्याने सांगितलं, दादा थेट शिबूदांच्या दारात जाऊन उभे राहिले. शिबूदांनी दार उघडलं, ओळखलं आणि एक शब्द न बोलता तोंडावर ठोसा हाणला. दादांचा ओठ फाटला, दात पडला. त्यांनी हात वर केला नाही. शिबूदांनी आणखी एक हाणला, आणि उंबऱ्यावर कोसळलेल्या दादांना स्वतःच उचलून आत नेलं. दादा उतरले होते त्या लॉजवरून त्यांची बॅग मागवून घेतली. दादा शेवटपर्यंत त्याच घरात राहिले, तिथेच गेले.

"अग्नी किसने दिया?" मी विचारलं.

"शिबू काका ने," तो म्हणाला. "और किसी को हाथ नहीं लगाने दिया."