दुधाच्या डब्यांवरचे शब्द

मी फौजेतला हवालदार, कळसचा. आता निवृत्त, बारामती एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर. त्या वेळी आमची पोस्ट बर्फात होती आणि रेडिओ सेट माझ्याकडे होता. बंकरमध्ये सोबतीला पणदऱ्याचा नाईक मिलिंद. त्याला ऑफिसर व्हायचं होतं. बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजीत दोनदा आपटला होता.

दुधाच्या डब्याचं लेबल दुमडून तो वर अवघड शब्द, आत अर्थ लिहायचा आणि सेटमागच्या फळीवर चिकटवायचा. रोज पाच. सकाळी स्टँड-टूनंतर, म्हणजे पहाटेचा सज्ज पहारा उठला की, मी शब्द वाचायचा, त्याने अर्थ सांगायचा. मला त्या इंग्रजीचा वैताग यायचा. तरी तो पेट्रोलवर गेला की रेडिओ चेकला मी मुद्दाम एखादा शब्द फेकायचो. मेजरसाहेबांनी एकदा पकडलं. "सेट ड्यूटीसाठी आहे, शाळेसाठी नाही."

त्या दिवशी ११.३० ला तो तिघांना घेऊन निघाला. १३.१० ला उतार घसरला. तिघे वर राहिले, मिलिंद खोल फटीत गेला. पाय मोडलेला, कमरेपर्यंत बर्फ, रेडिओ अंगावर. दोर पुरेना. रेस्क्यू पार्टीला दोन तास तरी लागणार होते. तेवढ्यात तो झोपला तर संपला, हे सगळ्यांना माहीत होतं.

मेजरसाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. "शब्द विचार. थांबू नकोस."

"टेनेशस."

"चिवट. ओव्हर."

"रिलक्टंट."

"मन न्हाय, तरी करतुय. ओव्हर."

"इमिनंट."

"आत्ता येईल असं... पार्टी कुठं हाय रं?"

"निघाली हाय. जागा ऱ्हा."

१५.०० पर्यंत तो ठीक होता. मग उत्तरं झोपेत बडबडल्यासारखी येऊ लागली. मी घाबरलो. त्याला डोकं चालवावं लागेल म्हणून दुसऱ्या दिवशीच्या पाचांतला एक उचलला. "अल्टरकेशन."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "ह्यो झाला न्हाय अजून. तूच सांग."

मला कुठला येतोय! लेबल फळीला गोठून बसलं होतं. नखांनी खरवडून काढलं, उलगडलं. "बाचाबाची. मिलिंद, बाचाबाची. ओव्हर."

उत्तर नाही. मी बोलावत राहिलो. पार्टी १५.४० ला पोहोचली. मेजरसाहेबांनी माझ्या हातातून हँडसेट काढून घेतला.

सुट्टीत सगळी लेबलं घेऊन पणदऱ्याला गेलो. त्याचे वडील, तात्या, गोठ्यात होते. पाठ झालेलेच शब्द विचारत राहिलो असतो तर कदाचित तो जागा राहिला असता, हेही सांगितलं. हे मला आजही खातं. तात्या म्हणाले, "ही लेबलं हितंच ऱ्हाऊ दे. म्होरल्या साली ये."

तेव्हापासून दरवर्षी त्याच तारखेला जातो. मी शब्द वाचतो, चौथी शिकलेले तात्या अर्थ सांगतात. एकही चुकत नाही. शेवटचं, 'अल्टरकेशन'चं लेबल मी त्यांच्या हातात देतो. ते तात्याच वाचतात.

यंदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाचाबाची म्हणालास, ते त्याला ऐकू गेलं असंल व्हय?"

"गेलं, तात्या."

चोवीस वर्षांच्या नोकरीत मी खात्री नसलेला रिपोर्ट कधी दिला नाही. हा एक दिला.