भोईरकाकांच्या पुस्तकाची वाचक

खोपटच्या एसटी डेपोत बसची वाट पाहत उभी होते, तेव्हा भोईरकाकूंचा फोन आला. मला वाटलं, रविवारी येताना काय आणायचं ते सांगायला केला असेल. काकू म्हणाल्या, "कोमल, अगं, हे गेले सकाळी. चहा घेतला, पेपर उघडला आणि..." मग मी जे विचारलं त्याची मला आजही लाज वाटते. मी विचारलं, "मग अकरावं प्रकरण?" काकू रडता रडता हसल्या. "त्यांनीही हेच विचारलं असतं बघ," म्हणाल्या. त्याला आता पाच आठवडे झाले. मी याआधी कुणावर असं काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

काका आमच्या नात्यातले नव्हते. डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात ते सूचना लिहायचे. यंत्राशेजारी भिंतीवर मराठीत एक कागद लावलेला असतो ना, आधी हे बटण दाबा, मग तो दांडा ओढा... तो कागद. माझे पप्पा तिथेच ऑपरेटर. नवा कागद लिहून झाला की काका पप्पांना यंत्रासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "लिहिलंय तेवढंच कर, मनाचं काही नको." पप्पा आठवीपर्यंत शिकलेले. ते कुठे थांबतात, कुठे डोकं खाजवतात, हे काका मागे उभं राहून बघायचे आणि कागद दुरुस्त करायचे. कागदावरची एक पायरी सुटली तर तिथे कुणाचं तरी बोट जाऊ शकतं, असं ते सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या पुतण्याला प्रोग्रामिंगच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांशी झटापट करताना पाहिलं आणि ठरवलं, असं पुस्तक मराठीत लिहायचं. विषय निवडला वेबसाइट बनवायच्या एका फ्रेमवर्कचा. त्यासाठी साठी उलटल्यावर आधी स्वतः चार इंग्रजी पुस्तकं पुरी केली.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वर्गात सरांनी "समजलं?" विचारलं की मी मान हलवायचे, कारण सगळेच हलवायचे. दुसऱ्या वर्षाला प्रोग्रामिंगमध्ये नापास झाले. घरी सांगून टाकलं, की मी कॉलेज सोडते, ओळखीच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसते. पप्पांनी रविवारी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट काकांकडे नेलं. "साहेब, हिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही म्हणते." मी जमिनीकडे बघत होते. काका मात्र खूश! "काहीच नाही? वा! मला असंच माणूस पाहिजे होतं. आमच्या पुतण्याला आता नको तेवढं कळतं, त्याचा काही उपयोग नाही."

तेव्हापासून प्रत्येक रविवारी मी त्यांच्या हस्तलिखिताची वाचक झाले. मी कॉम्प्युटरपुढे आणि काका माझ्या मागे स्टुलावर, हातात वही. फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. काकांनी लिहिलं होतं, "गणपतीत मांडववाला येऊन बांबू, पत्रे, दिव्यांच्या वायरी सगळं उभं करून जातो. मूर्ती आणि आरास तेवढी तुमची. फ्रेमवर्क म्हणजे तो मांडव." वाचून मी एवढ्या जोरात हसले की काकू पोळीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आल्या. काकूंच्या मते त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट आणि काकांचं पुस्तक, दोन्ही पुढच्या महिन्यात पुरी होणार होती, गेली चार वर्षं. त्यात काकांचा दोष नव्हता. दहा प्रकरणं पुरी होत आली की फ्रेमवर्कची नवी आवृत्ती यायची आणि पहिल्या प्रकरणापासून सगळं तपासावं लागायचं. एकदा मी घाबरत घाबरतच ती बातमी दिली. काका म्हणाले, "बघ, मांडववाल्याने पुन्हा बांबू बदलले!" आणि नवी वही काढली.

ते माझ्यावर रागावले एकदाच. चौथ्या प्रकरणात फाईल सेव्ह करायची पायरी लिहायची राहून गेली होती. मला ते दिसलं, पण एवढ्या मोठ्या माणसाची चूक काय काढायची... म्हणून गुपचूप सेव्ह केलं आणि पुढे गेले. मागून आवाज आला, "थांब. सेव्ह करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का केलंस?"

"ते करावंच लागतं ना, काका."

चिडले की काका त्यांच्या आगरी बोलीत शिरायचे. "अगो, मंग तू मना फसवलंस ना!" म्हणाले. मग शांत झाले आणि स्टूल पुढे ओढून समजावू लागले. "तू सांभाळून घेतलंस. आता पुढची पोरगी इथेच अडकेल आणि स्वतःलाच मठ्ठ समजेल. अडणाऱ्याची चूक नसते गं, लिहिणाऱ्याची असते. तू अडलीस तर मला मोठ्याने सांगायचं, तेच तुझं काम."

घरी येताना मला सारखं वाटत होतं, वर्गात मान हलवून मी दोन वर्षं हेच करत आले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांनी "समजलं?" विचारल्यावर मी हात वर केला. "सर, नाही समजलं." तेवढ्यात मागच्या बाकांवरून तिघंचौघं ओरडले, "सर, आम्हाला पण!" सरांनी हसत फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तो विषय मी पुढच्या खेपेला सोडवला. आता तिसऱ्या वर्षाला आहे.

काका गेल्यावर अकराव्या प्रकरणाची फक्त टिपणं राहिली होती. बनवलेली वेबसाइट लोकांना दिसेल अशी इंटरनेटवर कशी चढवायची, त्याचं ते प्रकरण. काकूंनी वही माझ्या हातात दिली. मी तीन आठवडे लिहीत होते. पण तपासणार कोण? मला तर आता थोडंफार कळतं. गेल्या रविवारी काकूच कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत येऊन बसल्या. "मला यातलं काही कळत नाही. चालेल ना?"

मी स्टुलावर बसले. काकूंनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, एक बटण दाबलं. तिसऱ्या ओळीवर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मला वाटलं, उठून आपणच माऊस हातात घ्यावा. मग त्या उठायला लागल्या, "जाऊ दे गं, मी कुठली शिकलेली... तू तुझ्या मैत्रिणींना बोलव."

"बसा, काकू," मी म्हटलं. "कुठे अडलं ते सांगा."

"इथे 'फोल्डर निवडा' म्हणतेस. पण कुठलं?"

मी कागद पुढे ओढला. कुठलं ते खरंच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये मी एक नवी ओळ लिहिली. काकूंनी चष्मा वर सरकवला, ती ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "हां, आता कसं! पुढे?"