गारीगारमामांची जीभ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी जवळा बाजारच्या गारीगारमामांचं नाव सांगतो. आई शेजारी बसलेली असली तरी तेच सांगतो, आणि आईही मान हलवते. मामा आमच्या नात्यातले नव्हते. काडीवरचं रंगीत बर्फाचं गारीगार बनवून विकणारा हा माणूस अख्ख्या बाजाराचा मामा होता. मी माझ्या गावाहून, साखऱ्याहून, कॉलेजसाठी जवळा बाजारला आलो, त्यांच्या कारखान्यामागच्या खोलीत राहिलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पण नुसती खोली दिली म्हणून मी उपकार म्हणत नाही. या माणसाने मला बोलायला शिकवलं.

मामांची ओळख म्हणजे त्यांची जीभ. कारखाना म्हणायचा, पण ती एक पत्र्याची खोली होती. आत मशीनने गार केलेल्या मिठाच्या पाण्याची लांबलचक टाकी, आणि त्या पाण्यात ओळीने बुडवलेले पत्र्याचे साचे. मिठाचं पाणी बर्फाहून गार झालं तरी गोठत नाही, पण साच्यातलं गोड पाणी मात्र घट्ट बसतं. सगळी करामत एवढीच. भीती एका गोष्टीची. मिठाने पत्रा गंजतो, साच्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, टाकीतलं पाणी आत शिरतं आणि गारीगार खारट होतं. म्हणून ओळ बाहेर काढली की मामा आधी तोंडातली तंबाखू थुंकायचे, खळखळून चूळ भरायचे आणि सगळ्या ओळीवरून एक बोट फिरवून ते जिभेला लावायचे. क्षणभर डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "जाऊ द्या," किंवा "ह्यात एक खराब हाय." खराब असलं की एकेकाला बोट लावून नेमकं तेच उपसून काढायचे. त्या साच्याला खिशातल्या चुन्याच्या डबीतला ठिपका लावून बाजूला ठेवायचे आणि संध्याकाळी झाळून भोक बुजवायचे.

लोक चेष्टा करायचे. "सारा बाजार मामाच्या उष्ट्यावर वाढून राहिला," असं शेजारचा बांगडीवाला येताजाता म्हणायचा. मामा शांतपणे म्हणायचे, "तुह्यासंगट तुह्या बायकोलाबी वाढीवलं. बांगड्या भराया येती तवा पहिलं गारीगार मागती."

मामांचे वडील याच बाजारात बर्फ विकायचे. तेव्हा बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात आणि तरटात गुंडाळून हिंगोलीच्या स्टेशनावर उतरायच्या, तिथून बैलगाडीने निघायच्या आणि इथे येईपर्यंत निम्म्या व्हायच्या. तो बर्फ किसून, काडीवर दाबून, वरून रंग ओतून विकायचा. टाकी नंतर आली. पण काडीवर बर्फ धरायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं, याचं मामांचं स्वतःचं एक मत होतं. "हे काई हुशार मान्साचं काम न्हाई. कुनीतरी शरबत ढवळता ढवळता काडी तशीच इसरून गेला आसंल आन रातीतून ते गोठलं आसंल." पुढे कॉलेजच्या वाचनालयात मला खरंच तशी गोष्ट वाचायला मिळाली. कोण्या थंड देशातला एक पोरगा पेल्यात काडी विसरला होता, असं म्हणतात. मी धावत येऊन सांगितलं. मामांना नवल वाटलं नाही. "मंग? आपलं ध्यान ठिकान्यावर आसतं तर दुनियेत काईच नवं झालं नसतं," एवढंच म्हणून ते पुन्हा साचे भरू लागले.

गारीगार हा पोरांचा खाऊ आहे, हे मामांना मान्य नव्हतं. ते म्हणायचे, "पोरं तर मातीबी खातेत. खरं गिऱ्हाईक वायलंच हाय." आणि ते खरंच होतं. हळद शिजवायच्या दिवसांत कढईपाशी उभी राहणारी माणसं घामाने निथळत यायची आणि गारीगार आधी कपाळाला लावून मग खायची. दिवस गेलेल्या बाया यायच्या, ज्यांच्या पोटात पाणीही टिकत नव्हतं, पण कैरीचं गारीगार टिकायचं. दात उपटलेली माणसं गाल धरून यायची. आणि कधी एखादा पोक्त माणूस डबा घेऊन यायचा, हळू आवाजात म्हणायचा, "मायला आता पानी गिळना झालं." त्याला मामा बिनरंगाचं, थोड्या साखरेचं गारीगार द्यायचे आणि सांगायचे, "व्हटाला फिरव. चावू देऊ नको."

मला त्यांनी बोलायला शिकवलं ते असं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला नव्या कैरीचं गारीगार दिलं आणि विचारलं, "कसं लागलं?"

"चांगलं," मी म्हणालो.

"चांगलं म्हंजे काय?"

"म्हणजे चांगलं लागलं."

"पहिलं काय लागलं? मधी काय? मागून जिभंवर काय राह्यलं? ते सांग. चांगलं तर पावनेबी म्हन्तेत अन् उठून जातेत."

साखऱ्याच्या घरी कोणी मला असं काही विचारलंच नव्हतं. आमच्याकडे जेवण पोटभर झालं की चांगलं. मामांनी दुसरं गारीगार हातात दिलं. ते काडीपर्यंत चोखून मी म्हणालो, "आधी गोड, मग आंबट, आणि शेवटी तोंड थोडं आखडतं." मामांनी मामींकडे पाहिलं. "पाह्य, आता बोलून राहिला भाचा."

पुढे हा रोजचा खेळ झाला. कविता आवडली म्हटलं की मामा, ज्यांनी ती कविता ऐकलेलीही नसायची, विचारायचे, "आवडली म्हंजे काय? पहिलं काय लागलं?" परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही मी तसंच लिहू लागलो, आणि आमचे सर एकदा म्हणाले की तुझं लिहिलेलं डोळ्यांसमोर दिसतं. आता मी पुसदकडच्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवतो. पोरांच्या निबंधात 'छान' आणि 'सुंदर' आले की मी त्याखाली रेघ मारून लिहितो, म्हणजे काय? पोरं वैतागतात. मामा नक्की खूश झाले असते.

काळ बदलला, तो मामांच्या डोळ्यांदेखत. पानटपरीवरसुद्धा काचेचं झाकण असलेला फ्रीज आला, त्यात चकचकीत कागदातल्या आइस्क्रीमच्या कांड्या आल्या. मामींनी एकदा तशी एक आणली. मामांनी चाखली. "दुधाळ, गोड, मागून मेनबत्ती," ते म्हणाले आणि उरलेली मामींना दिली. गिऱ्हाईक आटत गेलं, तरी बाजाराच्या दिवशी मात्र टाकी चालायचीच.

मागच्या उन्हाळ्यात मी सुटीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. दुपारी एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली. हातात अर्धं गारीगार.

"मामा, लेकरू थुकून राहिलं. मीठ घातलं का काय?"

मामांनी ते घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. "चांगलं तर हाय," ते म्हणाले.

हे ऐकून मी मान वर केली. इतक्या वर्षांत चवीसाठी हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. बांगडीवाला हसला, "मामा म्हातारपनी लोनच्याचा कारखाना काढून राहिले." सगळे हसले. मामींनी पुढे होऊन ते गारीगार चाखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईला दुसरं दिलं, ती गेली, गर्दी पांगली. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमाला लागना काय?"

मामा साचे पुसता पुसता म्हणाले, "बर्फावाल्याची जीभ बधिर आसतीच."

"कवापून?"

"झाली की लई दिस. तोंडात एक फोड हाय. बर्फ धरला की दुखत न्हाई."

तो फोड जिभेखाली होता. मामा दिवसभर बर्फाचा खडा तोंडात धरून काम करत होते. दुखणं थंड पडायचं, म्हणून ते दुखणं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. चव गेली ती बर्फाने गेली असेल, असं समजून त्यांनी ती गोष्ट बाजूला ठेवली. दुसऱ्या धंद्यातला माणूस त्या दुखण्याने कधीच ओरडत दवाखान्यात गेला असता. मामांच्या हाताशी सतत गार होतं.

नांदेडला दाखवलं. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं, मामींनी मामांकडे पाहिलं, मामांनी खिडकीकडे. मग कॅन्सरसाठी मशीनने किरणांचे शेक झाले. तोंड आतून सोलून निघालं. पेज, पाणी, काहीच जाईना, तेव्हा मामींनी घरच्या फ्रीजमध्ये बिनरंगाचं गारीगार गोठवून दिलं. मामा ते ओठांवर फिरवायचे. एकदा मी भेटायला गेलो तर त्यांनी काडी वर धरून मला दाखवली आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "आता मीच खरं गिऱ्हाईक."

शेकाने भागलं नाही. या वर्षी होळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं की जीभ काढावी लागेल, आणि ती काढली तरी दुखणं मानेपर्यंत गेलेलं आहे, त्यामुळे भरवसा धरू नका. मामांनी होकार दिला. नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी टाकी चालू करायला लावली. कोणी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी कैरी उकडली, गाळली, साचे भरले, काड्या लावल्या. ओळ बाहेर काढली तेव्हा सवयीने चूळ भरली आणि बोट फिरवून जिभेला लावलं. मग मामींना म्हणाले, "मला काई लागत न्हाई. भाचा आला की एक त्याला दे. कसं लागलं ते मला कळवायला सांग." मामींनी "मी चाखू का?" असं विचारलं, तर म्हणाले, "तू मला बरं वाटावं म्हनून सांगशील."

मी पुढच्या रविवारी पोचलो. मामांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. दवाखान्यात त्यांची मुलगी होती आणि मामी कपडे न्यायला घरी आल्या होत्या. त्यांनी फ्रीजमधून स्टीलच्या डब्यात ठेवलेलं गारीगार काढून माझ्या हातात दिलं आणि समोर बसल्या. मी खाऊ लागलो. दुसऱ्या घासालाच मला कळलं. मी मामींकडे पाहिलं नाही, पण त्यांना समजलं.

"खारं हाय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"चांगलं हाय म्हनून लिव्ह, बाबा. आता काय राह्यलंय त्यांच्याजवळ."

मला ते पटत होतं. मी कागद घेऊन बसलो आणि 'मामा, गारीगार चांगलं होतं' असं लिहिलंही. वाचून पाहिलं. पाहुण्याने उठून जाताना लिहिल्यासारखं वाटलं. मामांनी हे काम मामींना दिलं नव्हतं, मला दिलं होतं. तो कागद मी फाडला. दुसरा लिहिला, पाकिटात घातला आणि मामींच्या पिशवीत ठेवला. 

पत्र मामांना मिळालं. मुलगी सांगते, त्यांनी ते स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं आणि घडी करून उशीखाली ठेवलं. त्यांना काय वाटलं, ते कळायला मार्ग नव्हता. बोलणं संपलं होतं आणि बोलण्याऐवजी लिहायला दिलेल्या पाटीवर त्यांनी काही लिहिलं नाही. मृग लागायच्या आत मामा गेले. टाकी अजून तिथेच आहे, तळाशी मीठ वाळलंय. भंगारवाला दोनदा येऊन पाहून गेला. मी बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पत्र असं होतं:

*ती. मामांस,*

*सा. न.*

*आज घरी आलो. मामींनी तुम्ही ठेवलेलं गारीगार दिलं. पूर्ण खाल्लं, काडीपर्यंत.*

*पहिलं गोड लागलं. साखर नेहमीसारखीच, जास्त नाही. मग कैरी आली. या वेळी तुम्ही कैरी सालीसकट उकडली असावी, कारण आंबटाच्या पाठोपाठ थोडा तुरटपणा आला आणि दाताच्या कडेला राहिला. इथपर्यंत ते तुमचं आजवरचं सगळ्यात नेमकं गारीगार होतं. हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.*

*मागून खारट लागलं. थोडं नाही, चांगलंच. मामी लिहू नको म्हणाल्या. पण तुम्ही मला विचारलं होतं.*

*तुम्ही गेल्यावर साचे कोणी हलवलेले नाहीत, भिंतीला तसेच उभे आहेत. मी एकेक उचलून दाराच्या उजेडासमोर धरून पाहिला. सगळे पाहिले. भोक कुठल्या साच्याला आहे, ते मला सापडलं नाही. तुम्ही बोट फिरवून सांगितलं असतं.*

*तुमचा भाचा*