धुक्यातला पिवळा चेंडू

माझ्या मामेसासऱ्यांइतका प्रामाणिक माणूस अख्ख्या लखनौत नव्हता, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाची मला जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्या लबाडाची कधी वाटली नाही. मूळचे साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त होऊन लखनौच्याच महानगर नावाच्या मोहल्ल्यात राहिलेले. पेन्शनीत लोक तुळशीला पाणी घालतात, नातवंडं खेळवतात. यांनी पन्नाशीनंतर व्यावसायिक गोल्फ खेळायचं काढलं! नव्वदच्या दशकात वयस्क खेळाडूंच्या स्पर्धा नुकत्याच आमच्या कानावर येऊ लागल्या होत्या. गोल्फचा एक नियम मामांनी घरातही लागू केला होता: चेंडू पडेल तिथूनच खेळायचा. एकदा चष्मा पलंगाखाली घरंगळला, तर स्वारी पेपर घेऊन पलंगाखालीच शिरली. "अहो, बाहेर या, पाहुणे आलेत!" मामी ओरडल्या. "अग्रलेख संपू दे," खालून आवाज आला. चहात साखर जास्त पडली तर दंड म्हणून पुढचा कप बिनसाखरेचा. मी रेल्वेत इंजिनियर, हाताखाली चाळीस माणसं. पण हिवाळ्यातल्या दर रविवारी सकाळी माझा हुद्दा हमालाचा. "चला जावईबापू, उचला पिशवी!" की काठ्यांची पिशवी माझ्या खांद्यावर.

इथवर ठीक होतं. पण मामा दोन चेंडू घेऊन निघत. पांढरा त्यांचा आणि पिवळा उस्तादांचा. उस्ताद म्हणजे जन्मभर दुसऱ्यांना गोल्फ शिकवणारे लखनवी गृहस्थ, मामांचे जिवलग. दोघं जोडीनं वयस्कांच्या स्पर्धेत उतरणार होते. आदल्या उन्हाळ्यात उस्ताद वारले. जाताना मामांचा हात धरून म्हणाले, "हम में से एक तो पहुँचे, भाई." ते वारले असं मामा कधी म्हणत नसत. पिवळा चेंडू ते दहा पावलांवर धुक्यात ठेवून येत, "आपकी बारी, उस्ताद," म्हणत आणि अर्धा मिनिट टोपी काढून उभे राहत. धुकं असं की स्वतःचे बूट दिसू नयेत. आणि तिकडून आवाज येई, टक्. पुढे गेल्यावर पिवळा चेंडू खळग्यातल्या झेंड्याजवळ पडलेला असे. अंगावर सर्रकन काटा यायचा हो! "आज हात बसलाय त्यांचा," मामा कौतुकानं म्हणत.

मग स्पर्धेत प्रवेश मिळवायचा, निवड-फेरीचा दिवस आला. मामांचे गुडघे गेलेले. खेळायचा हा शेवटचा हिवाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी म्हातारा असा खेळला म्हणता! शेवटच्या झेंड्यापाशी हिशेब सरळ होता: दोन फटक्यांत चेंडू आत गेला की निवड नक्की. मामा काठी टेकवून वाकले आणि थांबले. "चेंडू हलला. एक फटका दंड."

जोडीला खेळणारे, त्यांचे गुण लिहिणारे दिल्लीचे सरदारजी हसले. "किसने देखा, साहब? छोड़िए भी."

"उस्ताद ने देखा है।"

सरदारजींनी मागे पाहिलं. मीही पाहिलं. नुसतं धुकं. त्या धुक्यात कोणीतरी हलकेच घसा खाकरला. सरदारजींनी दंड लिहिला. मामांनी दोन फटक्यांत चेंडू आत घातला. एका फटक्यानं सगळं गेलं.

मला तर रडूच यायचं बाकी होतं. घरी येताना स्कूटरवर मी चिडून विचारलं, "मामा, उस्तादांचाच शब्द होता ना, पोचायचं म्हणून?"

"तसं पोचलो असतो तर त्यांना तोंड काय दाखवलं असतं?" मामा म्हणाले. बरंच अंतर गेल्यावर मागून बारीक आवाज आला, "पण जावईबापू, रागावले नसतील ना हो?"

पुढच्या पावसाळ्यात मामाही गेले. त्या हिवाळ्यात एका रविवारी सब्जी आणायला निघालो आणि पाय आपसूक मैदानाकडे वळले. तेच दाट धुकं. कुंपणापाशी उभा होतो, तर आतून आवाज आला, टक्. मग अर्धा मिनिट काहीच नाही. मग पुन्हा, टक्.

रागावले नव्हते तर! मला भीती वाटली नाही, खरंच. भाजीची रिकामी पिशवी खांद्यावर घेऊन मी कितीतरी वेळ तिथंच उभा राहिलो, कुणी हाक मारतंय का बघत.