भाऊ ज्या बर्फात राहिला

माझा धाकटा भाऊ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिर्यारोहणाला हिमालयात गेला, तो परत आला नाही. हिमनदीवरच्या भेगेत पडला. सोबत्यांनी शोधलं आणि हवा बिघडल्यावर ते खाली उतरले. नायगावला आमच्या घरी नुसती त्याची सॅक आली.

पुढे मी उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. हिमनदीची जुन्या नकाशातली उंची घ्यायची, उपग्रहाच्या चित्रांवरून आताची काढायची आणि वजाबाकी करायची. जेवढा फरक, तेवढा बर्फ गेला. माझ्या वाट्याच्या भागात नेमकी तीच हिमनदी आली. ऑफिसात मी बोलले नाही. आईला सांगितलं.

"म्हंजे बरफ उतरतोय?" तिनं विचारलं.

"हो. बराच."

"मग तो वर येल."

"आई, तसं नसतं. बर्फ सरकतोही. तो कुठे गेला असेल, कोणालाच माहीत नाही."

"एवढी उंची दिसते, मग आत कोन हाय ते नाय दिसत?"

आमचं घर आणि अंगण मिळून त्या चित्रात एक ठिपका होतो, एवढंच मी सांगू शकले. पण ती ऐकेना. मी कामावरून आले की खाडीच्या भरतीची चौकशी करावी तसं विचारायची, "आज काय म्हनतो बरफ?" बाकीचं जग हिमनद्या वाचाव्यात म्हणत होतं. आमच्या देवघरात ती एक हिमनदी वितळावी म्हणून दिवा लागत होता.

काही वर्षांनी डोंगरातल्या पोलीस चौकीतून फोन आला. बर्फाच्या कडेला एका गिर्यारोहकाचे अवशेष सापडले होते. आईनं भावाचा एक सदरा इस्त्री करून माझ्या बॅगेत ठेवला. मी गेले. लांबूनच बूट पाहिले आणि कळलं, हा तो नव्हे. दुसऱ्याच राज्यातला, दुसऱ्याच मोहिमेतला मुलगा होता. त्याचे वडील तिथे दगडावर बसले होते. मला त्यांचा हेवा वाटला.

घरी येऊन सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "त्याच्या आईचा नंबर लागला."

त्यानंतर तिनं बर्फाबद्दल विचारलं नाही, ती वारेपर्यंत नाही.

आई गेली त्याच वर्षी आमचं काम छापून आलं. "आकडे अगदी स्पष्ट आलेत, अभिनंदन," साहेब म्हणाले. ऑफिसात पेढे वाटले. माझ्या वाट्याचा पेढा मी कागदात गुंडाळून टेबलावरच ठेवला आणि पुढच्या हिमनदीची चित्रं उघडली.