पऱ्हाटीवरचं भरीत आणि आबांचे शब्द

"शब्द गेलेत, माणूस शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले.

माझ्या वडिलांना, आबांना, साक्रीजवळच्या आमच्या गावातून धुळ्याच्या दवाखान्यात आणून दोन दिवस झाले होते. आजाराचं नाव अफेजिया. मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. माणसाला समजतं सगळं, पण शब्द जिभेवर येत नाहीत. डॉक्टरांनी बजावलं, "त्यांच्या जिवाभावाचं बोला, गप्प बसू देऊ नका. लवकर बोलले तर बरं."

जिवाभावाचा म्हणजे प्रकाशभाऊ, माझा मोठा भाऊ. तो फौजेत होता. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत लढताना तो गेला, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात त्याचं नाव काढलं की आबा उठून शेतात निघून जात.

आता खाटेवरून जाणार कुठे? मी नेटानं सुरुवात केली. भाऊची भरती, पहिली वर्दी, जम्मूची थंडी. आबा नुसते छताकडे बघत. आठ दिवस "अं… अं…" यापुढे काही नाही. बाहेरच्या बाकावर मी रडून घ्यायची, तोंड धुवायची आणि पुन्हा आत जायची.

नवव्या दिवशी भरताची गोष्ट काढली. एका सुट्टीनंतर भाऊनं वांगी आणि ती भाजायला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, होल्डॉलमध्ये बांधून थेट जम्मूला नेल्या होत्या. मी इतकी थकले होते की भलतंच बोलून गेले, "अन् भाऊनं स्टोव्हवर वांगी भाजली."

आबा लालबुंद झाले. "स्टोव्ह नही वं! पऱ्हाटी!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग काय, मी रोज ठरवून चुकायला लागले. पऱ्हाट्यांचा धूर बघून पलटणीतला हवालदार खूश झाला म्हटलं की आबा ओरडत, "खवळना!" भाऊ शर्यतीत तिसरा आला म्हटलं की, "पहिला!" "मना पोऱ्यानी बठ्ठी पलटनले भरीत खवाडं," म्हणजे माझ्या पोरानं सगळ्या पलटणीला भरीत खाऊ घातलं, हे पहिलं अख्खं वाक्य त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला ऐकवलं. पुढे तर मला ठाऊक नसलेलंही निघालं. जखमी सोबत्याला उचलायला भाऊ मागे फिरला, तेव्हा त्याला गोळी लागली. हे कळवणारं पलटणीच्या साहेबांचं पत्र तेव्हा आबांनी एकट्यानंच वाचून ठेवलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघं पोटभर रडलो आणि फार हलकं वाटलं.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर नुसती काळजी करत बसू नका. आजाऱ्याशी जरा भांडा.

घरी सोडताना डॉक्टरांनी परीक्षा घेतली. नाव? गाव? मुलं किती? भाऊ गेल्यापासून कुणी हे विचारलं की आबा म्हणत, एक पोरगी.

"दोन," आबा म्हणाले. माझ्याकडे बोट केलं, "धाकली हाई." मग छाती पुढे काढून, "मोठा फौजमा शे."

त्यांचं ते 'शे', म्हणजे 'आहे', मी दुरुस्त करायला गेले नाही.